खडूची खूण

साल दोन हजार आठ. माझं वय एकसष्ट. हातात ट्रे, ट्रेमध्ये सहा कप.

उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात आमचं ऑफिस. खाली कापडाची दुकानं, वर आम्ही. आम्ही म्हणजे कंप्युटरवर वेबसाइटी बनवणारी पंधरा-सोळा पोरं, त्यांचे साहेब, आणि मी प्यून. त्या दिवशी मीटिंगच्या खोलीत पुण्याच्या मोठ्या कंपनीचे दोन पाहुणे बसले होते. भिंतीवर पडदा. पडद्यावर इंग्रजी अक्षरं. पाहुण्यांशेजारी साहेब, आणि पडद्याशेजारी त्यांचा सख्खा भाचा, निखिल. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर ऑफिसची पोरं, आणि सगळ्यात शेवटच्या खुर्चीवर सुजाता. माझी मुलगी.

निखिल पाहुण्यांना सांगत होता, "ये हमारी खुद की लायब्ररी है सर. जावास्क्रिप्ट में ऑब्जेक्ट का जो भी काम है, कॉपी करना, दो को जोडना, दोनों सेम है क्या देखना, सब एक लाइन में."

टक्कल पडलेल्या पाहुण्यानं पडद्याकडे बोट केलं. "ये खडू क्या है? जगह जगह खडू लिखा है."

"वो ऐसे ही सर. किसी ने लोकल नाम डाल दिया. निकाल देंगे."

"ठीक है. पर ये करता क्या है?"

निखिलनं पडद्यावरची ओळ पुढं-मागं सरकवली. तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर आली आणि बुडत्याला काडी सापडावी तसा त्याचा चेहरा उजळला.

"काका, तुम्हीच सांगा आता. ऑब्जेक्ट म्हणजे काय?"

पोरं हसली. साहेब हसले. पाहुणेही हसले.

"चहात टाकतात का हो काका, ऑब्जेक्ट?"

परत हसले.

मी ट्रे धरून उभा. आणि मला उत्तर येत होतं. ऑब्जेक्ट म्हणजे काय ते येत होतं, आणि तो खडू काय करतो तेही येत होतं. त्या खोलीत सोळा माणसं होती. खडूचं उत्तर फक्त दोघांना येत होतं. एक ती शेवटच्या खुर्चीवरची आणि एक मी.

मी म्हटलं, "नाही साहेब. मला काय कळणार त्यातलं."

"बिनसाखरेचा कोणाचा, एवढं कळतं ना? बास. द्या."

मी कप ठेवले. सहाच्या सहा. एक थेंब सांडला नाही.

सुजाता हसली नव्हती. तिनं मान खालीही घातली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. लोक मयताकडे बघतात तशी.

आता मी हे नीट सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला वेळ लागतो, चुका होतात. पण जे लिहितो ते माझ्या हातानं लिहितो.

माझा जन्म चामटोली गावाकडचा. शाळेत मास्तर माझ्या हातात खडू देत नसत. लांबून फेकायचे. फळ्यावर गणित बरोबर आलं की दुसऱ्या पोराला सांगून फळा ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचे. चुकलेल्या पोरांची गणितं नुसत्या कोरड्या डस्टरनं पुसली जायची. चौथीनंतर मी गेलो नाही. आता कुणी म्हणेल, म्हणून यांना पुढं खडूचं एवढं. तसं काही नाही. कारखान्यात सगळेच खडू वापरतात. उगाच धागे जोडू नका.

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूल स्टोअरमध्ये मी चौतीस वर्षं काढली. लागलो झाडायला. मग हेल्पर. मग स्टोअर माझ्याच हातात, पण कागदावर हेल्परच. कारण कागदावर डिप्लोमा लागतो. माझ्या वर सात स्टोअरकीपर आले आणि गेले. प्रत्येकाला पाना कुठं आणि मायक्रोमीटर कुठं हे मी शिकवलं, आणि प्रत्येकानं पहिल्या महिन्यात मला सांगितलं की तुमची पद्धत जुनी आहे.

कारखाना बंद झाला त्या दिवशी माणसांनी हाताला लागेल ते उचललं. कोणी पक्कड, कोणी बेअरिंगचं खोकं. मी खडूचा डबा आणला. बायको म्हणाली, "सगळा जन्म घालवून हे आणलंत?" मी म्हटलं, "ठेव. लागेल."

मग या ऑफिसात प्यून. साडेआठला शटर उघडायचं, टेबलं पुसायची, चहा करायचा. कामाची लाज मला कधी वाटली नाही. चिनीमातीचे कप पोरांचे, आणि माझा स्टीलचा पेला वेगळा, पाण्याच्या फिल्टरमागं. तसा ठेवा असं कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी तो तिथं होता, एवढंच. मी विचारलं नाही. ही माझी पहिली चूक. विचारायला पाहिजे होतं.

सुजातानं कंप्युटरचं कॉलेज केलं. नोकरीसाठी खूप ठिकाणी फिरली. परीक्षेत वर, मुलाखतीत बाहेर. आडनाव वाचलं की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो हे ती घरी करून दाखवायची, आणि आम्ही हसायचो. शेवटी मीच साहेबांना हात जोडले. म्हटलं, एकदा परीक्षा घ्या पोरीची. घेतली. पहिली आली. साहेब त्या दिवसापासून सगळ्यांना सांगायचे, "आमच्या प्यूनच्या मुलीला मी संधी दिली." परीक्षेत पहिली आली हे नाही सांगायचे.

एक अट होती. "ऑफिसमध्ये नातं आणायचं नाही," साहेब म्हणाले. "बरं दिसत नाही." म्हणून ती मला ऑफिसात काका म्हणायची. सगळी पोरं म्हणतात तसं. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मग सवय झाली. सवय होते, हेच वाईट आहे.

लायब्ररीचं सांगतो.

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नाही. हत्यारांची पेटी समजा. वेबसाइट चालवायला जावास्क्रिप्ट नावाची भाषा असते. त्या भाषेत ऑब्जेक्ट नावाची वस्तू सारखी लागते, आणि तिच्यावर तीच तीच कामं सारखी करावी लागतात. प्रत्येक वेळी नवा पाना कोण घडवणार? म्हणून सुजातानं घरी बसून, रविवारी, एकेक हत्यार तयार केलं आणि एका पेटीत ठेवलं.

आमचं घर मांजर्लीत. पावसाळ्यात नदीचं पाणी आत येतं, म्हणून कंप्युटर कपाटाच्या माथ्यावर. रविवारी मी तो खाली उतरवून द्यायचो, संध्याकाळी परत वर चढवायचो. बाकी माझा त्याच्याशी संबंध नव्हता.

एका रविवारी मी भाजी निवडत होतो आणि ती कपाळाला हात लावून बसली होती.

"काय झालं गं?"

"काही नाही पप्पा."

"काही नाही म्हणणारा माणूस असा बसत नाही."

"कॉपी करतेय. कॉपी होते. पण कॉपीत बदल केला की मूळ पण बदलतंय. तुम्हाला नाही कळणार."

मला राग आला. म्हटलं, "चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलंय. सांगून तर बघ."

ती म्हणाली, "ऑब्जेक्ट म्हणजे तुमचं कपाट समजा. आत कप्पे. प्रत्येक कप्प्यावर नावाची पट्टी. कप्प्यात वस्तू. कधी कधी कप्प्यात अजून एक छोटं कपाट. मी तसंच दुसरं कपाट बनवलं. तेच कप्पे, त्याच पट्ट्या. पण नव्या कपाटात हात घातला की जुन्यातलं हलतं."

मी मेथीची जुडी खाली ठेवली. "कप्प्यात वस्तू आहे की चिठ्ठी?"

ती कंप्युटर सोडून माझ्याकडे वळली.

मी तिला सांगितलं. कारखान्यात नवी शेड झाली तेव्हा डिप्लोमावाल्या साहेबानं फर्मावलं, जुन्या शेडसारखं कपाट नव्या शेडलाही पाहिजे. उद्या. एका दिवसात एवढी हत्यारं येणार कुठून? त्यानं काय केलं, नवं कपाट आणलं, पट्ट्या लावल्या आणि कप्प्यांत चिठ्ठ्या ठेवल्या. 'ड्रिल जुन्या शेडमध्ये.' 'गेज जुन्या शेडमध्ये.' वरचे साहेब येऊन बघून गेले, वा म्हणाले. कपाटं दोन झाली, हत्यारं तेवढीच. नव्या शेडच्या माणसानं चिठ्ठी वाचून मापाचा गेज नेला आणि वाकवला. जुन्या शेडचा माणूस दुसऱ्या दिवशी माझ्यावर ओरडला, माझा गेज कुणी वाकवला म्हणून.

"तू चिठ्ठ्यांची नक्कल केलीस," मी म्हटलं. "हत्यारांची कर. एकेक कप्पा उघड. चिठ्ठी दिसली तर तिच्या मागं जा, आणि तिथं जे असेल तसंच नवं करून आण. आत कपाट सापडलं तर त्याचेही सगळे कप्पे उघड. खालपर्यंत."

ती उठली आणि तिनं माझ्या मेथीच्या हाताला हात लावून नमस्कार केला. वेडी.

दोन रविवारांनी परत. "पप्पा, आता फिरतच राहतंय. थांबतच नाही. सगळं अडकून बसतं."

मी हसलो, कारण हेही मला माहीत होतं. वर्षाची स्टॉकमोजणी होती. पहिल्या कपाटातल्या चिठ्ठीवर लिहिलेलं, 'दुसऱ्यात बघा.' दुसऱ्यातल्या चिठ्ठीवर, 'पहिल्यात बघा.' नवा हेल्पर सकाळपासून जेवणाच्या भोंग्यापर्यंत या दोन कपाटांत येरझाऱ्या घालत होता. घाम फुटलेला. विचारलं तर म्हणाला, अजून मोजणी चालू आहे.

"खडूची खूण कर," मी सुजाताला म्हटलं. "जाऊन आलीस त्या कपाटावर खडूनं फुली मार. परत तिथं पोचलीस आणि फुली दिसली, की आत शिरू नको. आणि नुसती फुली पुरत नाही. फुलीशेजारी नव्या कपाटाचा नंबर टाक. म्हणजे नवी चिठ्ठी लिहिशील ती जुन्या कपाटाकडे नाही, नव्याकडे बोट दाखवेल. नंबर विसरलीस तर सगळं मुसळ केरात."

तिनं केलं. चाललं. फुली ठेवायच्या जागेला तिनं इंग्रजी अक्षरांत नाव दिलं, खडू. मला दाखवलं. के, एच, ए, डी, यू. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाली, "असू द्या."

ऑफिसातली पोरं ती पेटी वापरू लागली. कामं झपाट्यानं उरकू लागली. मग साहेबांचं लक्ष गेलं.

पुण्याचे पाहुणे यायच्या आधीच्या आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर दोन रिकाम्या खुर्च्या. मी उभा.

"हे बघा काका. मुलगी हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. मीच घेतलं ना तिला? पण फाइलवर वर कुणाचं नाव दिसतं, याला पाहुण्यांसमोर महत्त्व असतं. तिथं निखिलचं नाव जाईल."

मी हातातल्या फडक्याची घडी घातली.

"तिला सांगितलं तर ती वाद घालते. नावासाठी भांडायची सवयच लागलीय तुमच्या लोकांना. तुम्ही बाप आहात, समजवा. रविवारपर्यंत होऊ द्या. नाहीतर मला दोघांचाही विचार करावा लागेल."

नावासाठी भांडायची सवय. हो, होती. विद्यापीठाच्या नावासाठी आम्ही रस्त्यावर उतरलो होतो. मी अंबरनाथहून गेलो होतो मोर्चाला. पाठीवर काठी घेतली होती, आठ दिवस पालथा झोपलो होतो, आणि कुणी विचारलं तर ताठ मानेनं सांगायचो, नावासाठी खाल्ली. तो माणूस मीच. आणि तोच माणूस त्या केबिनमध्ये म्हणाला,

"हो साहेब."

का म्हणालो? कारण कारखाना बंद. कारण एका घरातले दोन्ही पगार एकाच माणसाच्या हातात. कारण सुजाताला दुसरीकडे कुठं दार उघडलं नव्हतं. ही सगळी कारणं खरी आहेत. पण ही कारणं मला नंतर सुचली. तोंडातून 'हो साहेब' त्याच्या आधीच गेलं होतं.

रविवारी मी कंप्युटर खाली उतरवला. तिला सांगितलं. ती ओरडली नाही. तिची आई चुलीपाशी म्हणाली, "नाव खायला घालतं का? दे काढून." तिलाही वाईट म्हणत नाही मी. भीती आम्ही दोघांनी मिळून सांभाळली होती, पोरीसारखीच.

सुजातानं फाइल उघडली. अगदी वर तिचं नाव. सुजाता, मग माझं, मग आडनाव. मला इंग्रजी येत नाही, पण माझं नाव ओळखतो. कारखान्याच्या पासवर चौतीस वर्षं तेच छापलेलं होतं.

ती म्हणाली, "तुम्ही सांगताय ना? मग तुम्हीच काढा." आणि माझं बोट धरून एका बटणावर ठेवलं.

मी दाबलं. एक अक्षर गेलं. परत दाबलं. मागून पुढं, एकेक अक्षर. आधी आडनाव गेलं. मग माझं नाव गेलं. मग पोरीचं. सु राहिला शेवटी, इंग्रजीतला एस आणि यू. मी थांबलो. ती म्हणाली, "दाबा. राहू नका देऊ अर्धं." मी दाबलं.

मास्तर निदान दुसऱ्याकडून पुसून घ्यायचे. मी माझ्या बोटानं पुसलं.

आणि मग तो ट्रेचा दिवस. तो वर सांगितला.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं घरी आलो. तिनं पिशवी खुंटीला लावली, पाणी प्यायली आणि माझ्यासमोर खाली बसली.

"पप्पा, तुम्ही 'नाही' का म्हणालात?"

"काय सांगणार होतो तिथं? हातात ट्रे होता."

"ट्रे हातात होता. तोंडात नव्हता."

माझ्या घरात माझ्याशी असं कुणी बोललेलं नव्हतं. मी आवाज चढवला. "नोकरी घालवू का तुझी? तुझ्यासाठीच गप्प बसलो मी!"

"माझ्यासाठी नका बसू गप्प," ती म्हणाली. "माझं नाव काढलं, मी काढू दिलं. पण खडू मी मुद्दाम ठेवला. सगळीकडे ठेवला. निखिल आतलं वाचतच नाही, मला माहीत होतं. म्हटलं, कुणीतरी विचारेल, हे काय आहे. आणि विचारलं पप्पा. अख्ख्या खोलीसमोर विचारलं. त्याला येत नव्हतं. त्यानं तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता. आता पप्पा सांगणार."

तिनं पाण्याचं भांडं बाजूला सरकवलं.

"आणि तुम्ही म्हणालात, मला काय कळणार."

मी भिंतीकडे बघत होतो. पुराच्या पाण्याची ओळ होती भिंतीवर. कितीदा चुना मारला तरी दिसते.

"निखिलनं सांगितलंय," ती म्हणाली, "उद्या दहाला पाहुणे परत येतायत, त्याच्या आत खडू काढून टाक, तिथं इंग्रजी नाव घाल. एका मिनिटाचं काम आहे. मी काढणार आहे. मग त्यात आपलं काही राहणार नाही."

"काढू नको."

"का? तुम्हीच म्हणालात ना, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही?"

एकसष्ट वर्षांत माझा अपमान पुष्कळांनी केला. मास्तरांनी, साहेबांनी, माझ्याकडून शिकून मलाच अडाणी म्हणणाऱ्या त्या सात डिप्लोमावाल्यांनी. त्या सगळ्यांची नावं मी मनात धरून होतो. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा दिसलं की त्या यादीत एक नाव राहून गेलंय. माझं. मला अडाणी म्हणणारा शेवटचा माणूस मीच होतो, आणि मी ते माझ्या पोरीसमोर म्हणालो होतो.

जेवणाचं ताट मी तसंच सरकवलं. वाटलं, संपलं. आता या वयात काय उरलंय दुरुस्त करायला. मोडलेलं हत्यार आपण भंगारात टाकतो, त्यावर हळहळत नाही. मी स्वतःकडे तसं बघत होतो. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला नदीकडे चालत जावंसं वाटलं. गेलो नाही. घाबरून नाही. उद्या दहाला एक काम होतं म्हणून.

सकाळी मी खडूचा डबा काढला. त्यातला एक पांढरा, अख्खा खडू शर्टाच्या खिशात ठेवला.

साडेआठला शटर उघडलं. टेबलं पुसली, नेहमीसारखी, कोपऱ्यांसकट. काम अर्धं सोडून जाणारा माणूस मी नाही. फिल्टरमागचा स्टीलचा पेला उचलून माझ्या पिशवीत टाकला. चहा ठेवला नाही.

दहाला पाहुणे आले. साहेब आले, निखिल आला, पोरं भिंतीकडेला बसली. सुजातानं मांडीवर कंप्युटर घेतला होता. चालू होता. तिचे हात त्यावर नव्हते, बाजूला होते. खडू काढला होता की नाही, मला कळायला मार्ग नव्हता.

मी आत गेलो आणि दार लावून घेतलं. ट्रे नाही.

साहेब म्हणाले, "काका, चहा?"

मी म्हटलं, "काल विचारलं होतं, ऑब्जेक्ट म्हणजे काय. उत्तर राहिलंय. देतो."

निखिल हसला. या वेळी एकटाच हसला.

त्या खोलीचं दार जुनं आहे. साधं लाकडी, तपकिरी रंगाचं. रोज मीच पुसायचो. खरखरीत आहे, खडू धरतं, हे मला माहीत होतं. मी दारावर मोठा चौकोन काढला. आत कप्पे पाडले. पट्ट्या लावल्या.

"हे कपाट. हाच ऑब्जेक्ट. हे कप्पे. यात वस्तू असते नाहीतर चिठ्ठी असते. नक्कल करणारा चिठ्ठीची नक्कल करतो आणि वस्तूची केली म्हणून सांगतो."

"काका, बाहेर व्हा," साहेब म्हणाले.

"झालं की होतो."

मी दुसरा चौकोन काढला. एका चिठ्ठीपासून दुसऱ्या कपाटाकडे बाण. तिथून परत पहिल्याकडे बाण. रेघ वाकडी आली, येऊ दिली. "असं असलं की माणूस फिरत राहतो. थांबत नाही. म्हणून जाऊन आलेल्या कपाटावर ही खूण करायची." मी फुली मारली. "हा खडू. काल पाहुण्यांनी विचारलं होतं, खडू काय करतो. हे करतो."

टक्कलवाल्या पाहुण्यानं घड्याळ बघितलं. दुसरा साहेबांच्या कानात काहीतरी बोलला. कुणी वा म्हणालं नाही. कुणी म्हणावं म्हणून मी गेलोही नव्हतो.

माझं बोलणं झालं होतं. मी वळणार, तेवढ्यात शेवटच्या खुर्चीवरून आवाज आला.

"पप्पा, नंबर राहिला."

दोन वर्षांत त्या ऑफिसात तो शब्द पहिल्यांदा.

राहिला होता. खरंच राहिला होता. मी फुलीशेजारी नव्या कपाटाचा नंबर टाकला. आणि त्याच्याखाली, जागा होती तेवढ्यात, मला येतात त्या अक्षरांत, मोठ्यानं उच्चारत लिहिलं. सुजाता. मग माझं नाव. मग आडनाव. काना, मात्रा, सगळं.

साहेब उभे राहिले. "हे आत्ताच्या आत्ता पुसा! आणि दोघंही चालते व्हा!"

उरलेला खडू मी टेबलावर त्यांच्यापुढं ठेवला. रोज कप ठेवायचो त्या जागी.

"चालते होतो," मी म्हटलं. "पुसणार नाही. पुसायचं असेल तर तुमच्या हातानं पुसा."